दाबयंत्रात गेलेलं विमान

वाचनालयाच्या मागच्या बाजूला, सायकली लावायच्या जागेला लागून एक लांबट खोली आहे. तिथे चौतीस वर्षं एक गृहस्थ फाटकी पुस्तकं शिवत बसले आहेत. दारावर 'बांधणी विभाग' अशी पाटी आहे आणि त्या विभागात ते एकटेच, म्हणजे विभागप्रमुखही तेच आणि शिपाईही तेच. पिठाची खळ ते स्वतः शिजवतात, बाजारच्या डिंकाला नाक मुरडतात, आणि कुणी फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावून आणलं की असा चेहरा करतात की आणणाराच ओशाळतो. वाचनालयातल्या मंडळींनी त्यांचं नाव 'खळनायक' ठेवलं आहे. ते त्यांना ठाऊक आहे, मनातून आवडतंही, पण तसं ते दाखवत नाहीत. आपण त्यांना बाईंडर म्हणू, कारण घरीदारी सगळे तेच म्हणतात.

बाईंडरांची एक खोड आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. एखाद्या वस्तूला खळ लागली की ती दाबयंत्रात जायची. दोन जाड लोखंडी फळ्या आणि वर एक चाक. चाक फिरवलं की वरची फळी खाली येते आणि मधलं पुस्तक घट्ट, सपाट वाळतं. वाचनालयाने मोडीत काढलेलं असं एक यंत्र त्यांनी घरी आणून जेवणाच्या टेबलाशेजारी मांडलं होतं. त्यातून बायकोचं पदवीचं प्रमाणपत्र गेलं, चुरगळलेले नकाशे गेले, इस्त्री बिघडली त्या आठवड्यात बाईंडरांच्या दोन पँटीही गेल्या. बायको म्हणायची, "माझं डोकं दुखतंय असं म्हणायचीसुद्धा भीती वाटते. उचलून त्यात ठेवतील."

ही बायको शाळेत गणित शिकवायची. घरात आणखी तिचे आईवडील होते. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा तरुणपणी युद्धावर होते. वैमानिक म्हणून नव्हे, मेकॅनिक म्हणून. लढाऊ विमानं परत आली की त्यांची भोकं बुजवायची, इंजिनं उघडून बघायची, आणि सगळं ठीक असेल तर वहीत सही करायची. ती सही पडेपर्यंत कितीही मोठा वैमानिक असो, विमानात पाय ठेवू शकत नसे. युद्धानंतर आप्पांनी बस डेपोत तीस वर्षं काढली, पण बसबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. त्यांची गोष्ट एकच होती. एकदा एक विमान चाळण होऊन आलं, शेपूट लोंबत होतं, आणि आप्पांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी उडवलं. भोकांचा आकडा दर खेपेला वाढायचा. बाईंडरांच्या लग्नात तो सतरा होता, अलीकडे चौपन्नावर गेला होता. पाहुणे आले की आप्पा गोष्ट काढत, सासूबाई समोर बसून दर वेळी नव्याने विचारत, "भोकं किती हो होती?" आणि बाईंडर हळूच बाहेर जाऊन चपला सारख्या लावत बसत.

जावयाच्या धंद्याबद्दल आप्पांचं मत फारसं बरं नव्हतं. "आमचे जावईबुवा पुस्तकांना टाके घालतात," असं ते ओळख करून देताना सांगत. "टाका सुटला तर पान गळतं, माणूस नाही." बाईंडर हसून सोडून देत. मनाला लागायचं नाही असं नाही, पण सासऱ्यांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

मग सासूबाई गेल्या, आणि आप्पांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. आठ महिने झाले, एक धड वाक्य नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, दिलेलं खायचे, आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर द्यायचे: "हं." बायकोने सुरुवातीला त्या हंचे प्रकार पाडायचा प्रयत्न केला. लांब हं म्हणजे हो, आखूड हं म्हणजे नको, नाकातला हं म्हणजे जा आता. पण पुढे पुढे सगळे हं सारखेच येऊ लागले आणि तिचं गणित बसेना. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, यांना बोलतं करा.

तिचा थोरला भाऊ परगावी असायचा. त्याने एक दिवस फोन केला. माणूस वाईट नव्हता, नुसता घाई करणारा होता. "माझ्या कोपऱ्यावरच दवाखाना आहे. मी आप्पांना इकडे घेऊन येतो. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार."

"अरे दादा, त्यांना विचार तरी."

"दे त्यांना फोन." आप्पांनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाले, "हं." झालं, ठरलं.

बायको त्या संध्याकाळी वह्या तपासत बसली होती, पण बराच वेळ एकच वही समोर होती. "दादाचं चूक नाही," ती म्हणाली. "पण मला त्यांना पाठवायचं नाहीये हो. इथे आईची खुर्ची आहे, त्यांची खिडकी आहे. त्यांनी नुसतं एकदा तोंडाने म्हणावं, मी जात नाही. मग मी दादाशी भांडेन. ते म्हणालेच नाहीत तर कशाच्या जोरावर भांडू?"

बाईंडरांना बोलून धीर देता येत नाही. ते उठले आणि तिच्या तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा कडेला कड लावून नीट केला. पण बोलणं त्यांच्या डोक्यात बसलं.

चार दिवसांनी वाचनालयात रद्दीत काढायच्या पुस्तकांचा ढीग त्यांच्या खोलीत आला. त्यात एक पातळ, रुंद पुस्तक होतं. आत गोष्ट नाही, माहिती नाही, नुसती जाड कागदावर छापलेली एका लढाऊ विमानाची तुकडे तुकडे चित्रं. कापा, दुमडा, चिकटवा, विमान तयार. असलं पुस्तक वाचनालयाने कुणाच्या बुद्धीने घेतलं देव जाणे, कारण वाचकाने ते वापरलं तर परत काय आणणार? म्हणून कुठल्याशा ग्रंथपालाने त्यावर 'फक्त येथेच वाचण्यासाठी' असा शिक्का मारला होता आणि ते चाळीस वर्षं कोरं राहिलं होतं. बाईंडर पानं उलटत होते आणि एका पानावर थांबले. लांब नाक, मागे एकाच माणसाची जागा, पंखाच्या मुळाशी तो विशिष्ट वाक. घरी भिंतीवर फोटो होता, विशीतले आप्पा पंखावर पाय सोडून बसलेले. तेच हे विमान.

बाईंडरांच्या मनात बेत पक्का झाला. हे आप्पांच्या समोर बसून करायचं. स्वतःचं विमान डोळ्यांपुढे उभं राहताना बघून माणूस बोलेल. रविवारला अजून अठरा दिवस होते.

पहिली अडचण अशी की बाईंडरांचा हात धजेना. वर्षानुवर्षं फाटकी पानं सांधणारा माणूस, धडधाकट पानावर सुरी कशी चालवणार? कटर हातात धरून ते दहा मिनिटं तसेच बसले. शेवटी बायकोने वह्या बाजूला ठेवल्या, कात्री आणली, पहिलं पान कचकन मधून कापलं आणि म्हणाली, "झालं. आता ते फाटकंच आहे. करा दुरुस्त." मग मात्र त्यांची गाडी रुळावर आली.

एकशे बारा तुकडे होते. तेहतिसांत एक असं प्रमाण, म्हणजे खरं विमान तेहतीस हात असेल तर आपलं एक हात, असं बायकोने समजावलं. धडाचे तुकडे पेन्सिलीवर गुंडाळून गोल करायचे, आत पुठ्ठ्याच्या गोल चकत्या बसवायच्या, की झाल्या विमानाच्या बरगड्या. दुमडायच्या रेषेवर बाईंडर आधी आरीच्या टोकाने हलकी ओळ मारत, मग हाडाच्या पट्टीने घडी बसवत. कापल्यावर कागदाची कड पांढरी दिसते, ती त्यांच्या डोळ्यांना खुपली, म्हणून प्रत्येक कडेला बारीक कुंचल्याने रंग दिला. पुस्तकात असं करायला कुठे सांगितलेलं नव्हतं. आप्पा खुर्चीतून बघत होते. बघत होते एवढं नक्की. पण म्हणत होते, "हं."

दहा दिवस झाले, नाक झालं, पंख झाले, आणि आप्पा हंच्या पुढे सरकेनात. तेव्हा बायकोने तोडगा काढला. "तुम्ही चूक करा ना काहीतरी," ती स्वयंपाकघरात कुजबुजली. "ठसठशीत. त्यांना चूक सहन होत नाही. डेपोत नट उलटा बसवला तर अख्ख्या पाळीला झापायचे."

कल्पना उत्तम होती. पण माणूस चुकीचा निवडला होता. बाईंडर मोठ्या तयारीने बसले आणि शेपटीचा तुकडा उलटा लावला. एक मिनिट बघितलं. दोन मिनिटं बघितलं. कपाळावर घाम आला, आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांनी ओल्या बोळ्याने खळ सोडवून शेपूट सुलट केलं. दुसऱ्या दिवशी चाकांच्या बाबतीत तसंच. त्यांना मुद्दाम वाकडं करताच येईना, हात ऐकायचाच नाही. बायकोने कपाळाला हात लावला. "साधी एक चूक करता येत नाही तुम्हाला!" नवऱ्याबद्दल अशी तक्रार करणारी बाई विरळाच.

शुक्रवार उजाडला. वाचनालयाला सुट्टी होती, शाळा सुटून बायकोही घरी आली होती. दुपारी चारच्या सुमाराला बाईंडरांनी शेवटचा तुकडा, पुढचा पंखा, खळ लावून बसवला. टेबलावर विमान उभं होतं, वीतभर, राखी-हिरवं, सुबक, आणि कुठेही एक सुरकुती नाही. आप्पांनी बघितलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. नेमका तेव्हाच फोन वाजला. दादा होता. "रविवारी दहाला पोचतो. आप्पांची बॅग भरून ठेवा."

बाईंडरांनी फोन ठेवला. डोकं सुन्न झालं होतं. सोळा दिवस, एकशे बारा तुकडे, आणि फळ काय तर बॅग. ते टेबलाशी आले, समोर खळ लावलेली वस्तू होती, ती त्यांनी सवयीने दोन्ही हातांनी अलगद उचलली, सवयीने दोन फळ्यांमध्ये ठेवली, आणि सवयीने चाकाला हात घातला.

"अहो, थांबा! काय करताय!"

हा आवाज आप्पांचा होता. आठ महिन्यांनी आलेला, खणखणीत, डेपोभर घुमेल असा. आप्पा बोलले! त्यांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्या भरात त्यांच्या हाताने चाकाला आणखी दोन वेढे दिले.

कर्र असा आवाज झाला. बायको धावत बाहेर आली. आप्पा खुर्चीतून उठून यंत्रापाशी आले होते, जावयाला बाजूला सारून चाक उलटं फिरवत होते. फळी वर उचलली. आत विमान होतं, पण ते आता पुस्तकात खूण म्हणून ठेवण्याच्या लायकीचं उरलं होतं. बाईंडर मटकन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सासऱ्यांसमोर आलं याची लाज वाटायचंही त्यांना भान नव्हतं.

आप्पांनी ती सपाट वस्तू तळहातावर घेतली. चष्मा सरसावला. उलटी करून पोट बघितलं, शेपटीच्या मुळाशी बोट लावलं. चांगलं विमान बघून ज्यांनी तोंड फिरवलं होतं, ते आप्पा आता मोडकं विमान सोडायला तयार नव्हते. "वेळ किती आहे?" त्यांनी विचारलं.

"रविवारी दहापर्यंत," बायको म्हणाली. "बेचाळीस तास, आप्पा."

"बेचाळीस? बेचाळीस म्हणजे चैन आहे. जावईबुवा, उठा. रडता काय? चिकटवलंय कशाने?"

"खळीने."

"तुमच्या त्या पिठाच्या? म्हणजे पाण्याने सुटेल?"

"वाफेने सुटेल. कागदाला इजा न होता."

आप्पांनी जावयाकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं. "बाजारचा डिंक असता तर मेलं होतं हे," ते म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि बाईंडरांच्या धंद्याबद्दल सासऱ्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द. बाईंडर उठले.

शनिवारचा अख्खा दिवस त्या टेबलावर जो गोंधळ चालला तो काय सांगावा. आप्पांचे हात थरथरायचे, म्हणून हात जावयाचे आणि तोंड सासऱ्यांचे अशी वाटणी झाली, आणि आठ महिन्यांची थकबाकी आप्पांनी त्या एका दिवसात वसूल केली. किटलीच्या तोंडाशी एकेक सांधा धरून बाईंडरांनी विमान उलगडलं. मोडलेल्या बरगड्या काढून जाड पुठ्ठ्याच्या नव्या घातल्या. आप्पा ओरडायचे, "जोर लावू नका, ते काय पुस्तक आहे?" बाईंडर म्हणायचे, "आप्पा, कागद मला शिकवू नका." हे आपण बोललो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. आप्पांनीही ऐकून घेतलं. जिथे जिथे कागद चिरला होता तिथे बाईंडरांनी फाटकी पानं सांधायच्या पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या. आप्पा म्हणाले, "आम्ही कापड लावायचो. तसंच, अगदी असंच."

दुपारी पट्ट्या वाळत होत्या. बायको आत होती. बाईंडरांना राहवलं नाही. ज्या प्रश्नाला ते तीस वर्षं चपला लावायला पळत होते, तोच त्यांनी आपण होऊन विचारला. "आप्पा, त्या विमानाला भोकं किती होती हो?"

आप्पांनी एका पट्टीची कड बोटाने चाचपली. "चार," ते म्हणाले.

"चार? मग चौपन्न?"

"चार भोकांची गोष्ट कोण ऐकतं? ती दर वेळी विचारायची ना, किती हो होती. मी आकडा वाढवला की डोळे मोठे करायची. तिला ठाऊक होतं सगळं. तरी करायची." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "आता विचारणारंच कुणी राहिलं नाही, तर बोलू काय?"

दाराशी बायको उभी होती. तिने ऐकलं होतं.

संध्याकाळी आप्पांनी फर्मान सोडलं, वही पाहिजे. बाईंडरांनी तासाभरात कापडी पाठीची नवी वही शिवून दिली आणि या वेळी ती दाबयंत्रात ठेवताना कुणी ओरडलं नाही. बायकोने आप्पांच्या सांगण्याप्रमाणे रकाने आखले: बिघाड, कारण, दुरुस्ती, सही.

रविवारी दहाला दादा आला. गाडी दाराशी, इंजिन चालू. "चला आप्पा. बॅग कुठाय?"

"कुठे जायचंय?" आप्पा म्हणाले.

दादा दारातच थबकला. वडिलांचं अख्खं वाक्य त्याने आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं. "माझ्याकडे. ठरलंय ना आपलं? फोनवर हं म्हणालात तुम्ही."

"तो हं वेगळा होता."

दादाने बहिणीकडे बघितलं, बहिणीने छताकडे. टेबलावर विमान उभं होतं, जागोजाग पट्ट्या लावलेलं, एक पंख किंचित खाली, पण स्वतःच्या चाकांवर उभं. "हे काय आहे?" दादाने विचारलं.

आप्पांनी तोंड उघडायच्या आत बायको पुढे झाली. ती आईच्या खुर्चीत बसली, हनुवटीखाली हात घेतला आणि म्हणाली, "आप्पा, भोकं किती हो होती?"

आप्पांनी लेकीकडे बघितलं. मग जावयाकडे बघितलं. बाईंडरांनी मान खाली घातली.

"छप्पन्न," आप्पा म्हणाले.

"मागच्या वेळी चौपन्न होती," दादा पुटपुटला.

"तू बस. पहिल्यापासून ऐक." दादाने बाहेर जाऊन गाडीचं इंजिन बंद केलं आणि येऊन बसला. गोष्ट पाऊण तास चालली. बायकोने बरोबर जागी डोळे मोठे केले. ती संपल्यावर दादाने घसा खाकरून विचारलं, "पण मग निघायचं केव्हा?"

"विमान जमिनीवर आहे," आप्पा म्हणाले. "माझी सही झाल्याशिवाय मी तळ सोडत नाही."

"मग करा की सही!"

आप्पांनी पेन घेतलं. विमानाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पोट बघितलं, बोटाने चाक फिरवलं. मग त्यांनी वही उघडली, पहिल्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'डावं चाक किंचित आत', आणि वही मिटली. "या आठवड्यात काही होत नाही," ते म्हणाले. दादा जेवून, हसत, एकटाच परत गेला.

याला आता दीड वर्ष झालं. दर रविवारी सकाळी विमानाची तपासणी होते आणि दर रविवारी काहीतरी नवं निघतं. पंख्याचं पातं वाकलेलं, शेपटीची पट्टी सुटलेली, काचेला बारीक घडी. मग दिवसभर हात जावयाचे, तोंड सासऱ्यांचे. आता आतली गोष्ट सांगतो. शनिवारी दुपारी आप्पा डुलकी काढत असतात तेव्हा बाईंडर चवड्यांवर टेबलापाशी येतात, घाम पुसतात, डोळे मिटून घेतात आणि नखाने विमानाचा एखादा कोपरा जरासा दाबतात. मुद्दाम चूक करायला या माणसाला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी जमू लागलं.

परवा वहीची पानं संपत आली, म्हणून दुसरी वही शिवायची होती. माप घ्यायला बाईंडरांनी पहिली उघडली. तोपर्यंत त्यांनी ती कधी वाचली नव्हती. आप्पांची थरथरती अक्षरं, ओळीखाली ओळ, बिघाड वेगवेगळे. पण कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीतलं 'दाबयंत्र' सोडलं तर खालपर्यंत एकच शब्द होता: जावई, जावई, जावई. सहीचा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता. बाईंडरांनी वही मिटली, आणि नवी वही पहिलीच्या दुप्पट जाडीची शिवायला घेतली.